वाळवंटातला काळोख शहरातच वाचवावा लागेल

आकाशदर्शनासाठी वाळवंटात जाणाऱ्यांची संख्या जगभर वाढते आहे. चिलीतलं अटाकामा, नामिबियातलं नामिब, इस्राएलमधलं रामोन विवर, कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली, लडाखच्या थंड वाळवंटातलं हानले, या नावांभोवती आता एक वेगळंच पर्यटन उभं राहिलं आहे. लोक दिवसभर खडकाळ रस्त्यांवर हाडं खिळखिळी करून घेतात आणि रात्री उघड्यावर पाठ टेकून तासन्‌तास वर पाहत राहतात. हे मला मनापासून आवडतं. खटकते ती या पर्यटनासोबत रुजत चाललेली एक समजूत. काळोख ही दूरच्या ओसाड प्रदेशातली चीज आहे, तिथे तिच्याभोवती सीमा आखली की ती सुरक्षित झाली, मग बाकीच्या पृथ्वीवर दिवे हवे तेवढे वाढले तरी बिघडत नाही, अशी ती समजूत. धोरणं आखणाऱ्यांनाही ती सोयीची वाटते, कारण ती कुणाकडूनच फारसं काही मागत नाही. पण उजेड नकाशावरची सीमा पाळत नाही, त्यामुळे ती टिकणारी नाही; आणि ज्यांनी काळोख सर्वांत कमी बिघडवला त्यांच्यावरच ती राखणीचं ओझं टाकते, त्यामुळे न्याय्यही नाही.

खऱ्या काळोखात काय दिसतं ते आधी सांगायला हवं. ज्याने ते कधी पाहिलेलं नाही त्याला हा सगळा वाद मूठभर हौशी मंडळींचा वाटणं स्वाभाविक आहे. वाळवंटात रात्री दिवा मालवला की पहिली दहा मिनिटं फार काही घडत नाही. डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी काही मिनिटांतच आपली मर्यादा गाठतात, आणि मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींना पूर्ण जागं व्हायला अर्धा तास तरी लागतो. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य उजेडात मोडतं आणि काळोखात हळूहळू पुन्हा तयार होतं. एकदा कुणी मोबाइल उघडला की ती अर्ध्या तासाची कमाई क्षणात जाते. पण तेवढा धीर धरला, तर आकाश टप्प्याटप्प्याने उघडत जातं. आकाशगंगा हा धूसर पट्टा राहत नाही. तिला फुगवटे, खाचा, काळे ओघळ दिसू लागतात. वृश्चिक आणि धनू राशींकडचा तिचा भाग डोक्यावर आला की फिकट वाळूवर त्याची अस्पष्ट सावली पडते. संध्याकाळचा संधिप्रकाश पूर्ण मावळल्यावर पश्चिमेला क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या, रेषेत एक निमुळता उजळ सुळका उभा राहतो. तो ग्रहांच्या मधल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश असतो. देवयानी दीर्घिका (ॲन्ड्रोमेडा गॅलेक्सी) तर सहज दिसतेच, पण सत्तावीस लाख प्रकाशवर्षांवरची त्रिकोण दीर्घिकाही सरावलेल्या डोळ्याला दुर्बिणीशिवाय सापडते. आणि ढग आला तर तो काळा दिसतो, ताऱ्यांमध्ये पडलेल्या भोकासारखा. शहरात वाढलेल्या माणसाला ढग रात्री उजळच दिसायचे असतात असं वाटत असतं.

जॉन बॉर्टल या अमेरिकी आकाशनिरीक्षकाने २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची श्रेणी मांडली. पहिल्या पायरीवर वर वर्णन केलेलं सगळं दिसतं. इतके तारे दिसतात की ओळखीचे तारकासमूह गर्दीत हरवतात. नवव्या पायरीवर चंद्र, ग्रह आणि मोजके ठळक तारे उरतात. माणसाच्या इतिहासात जवळजवळ सगळा काळ जवळजवळ सगळी माणसं पहिल्या दोन पायऱ्यांवर राहत होती. आज उलट झालं आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश प्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार ८० टक्क्यांहून अधिक माणसं कृत्रिम उजेडाने बिघडलेल्या आकाशाखाली राहतात, आणि मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना घराजवळून आकाशगंगा दिसतच नाही.

या आकड्यांपेक्षा २०२३ चा एक अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. जगभरातल्या सामान्य निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदींवर तो आधारलेला होता. निष्कर्ष असा की आकाशाची कृत्रिम चमक वर्षाला सरासरी सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढते आहे, म्हणजे आठ वर्षांच्या आतच ती दुप्पट होते. ज्या ठिकाणी मूल जन्मलं तेव्हा अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत शंभरच उरतील. उपग्रहांच्या मोजणीत ही वाढ बरीच कमी दिसत होती. त्यामागचं एक कारण तांत्रिक आहे. रात्रीचे दिवे मोजणाऱ्या प्रमुख उपग्रहाच्या संवेदकाला निळा प्रकाश दिसत नाही, आणि नव्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत नेमका निळा भाग मोठा असतो. दिवे बदलत गेले तसं यंत्राला वाटलं की सारं बरं चाललंय. खाली उभ्या माणसाच्या डोळ्याला मात्र आकाश पुसट होताना दिसत होतं.

जे पुसलं जातंय त्यात विज्ञानाइतकीच संस्कृतीही आहे. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या आकाशात एक भलामोठा एमू पक्षी आहे. तो ताऱ्यांना रेषांनी जोडून काढलेला नाही. तो आकाशगंगेतल्या काळ्या धुळीच्या पट्ट्यांनी बनला आहे, आणि त्रिशंकू तारकासमूहाशेजारचा काळा डाग हे त्याचं डोकं. अँडीज पर्वतातल्या लोकांनी अशाच काळ्या आकारांत लामा पाहिला, ज्याचे डोळे म्हणजे मित्र आणि मित्रक हे दोन तारे. आकाश थोडं जरी उजळलं तरी तारे दिसत राहतात, पण हे काळे आकार सर्वांत आधी नाहीसे होतात. तारकासमूह पुस्तकात छापून ठेवता येतात. काळोखाचे आकार काळोखाबाहेर दाखवायची सोय नाही. वाळवंटातल्या भटक्यांनी ताऱ्यांवरून वाट काढली आणि ताऱ्यांची अरबी नावं जगभरच्या तारकानकाशांत पोचली, हा वारसाही त्यातलाच.

आणि प्रश्न माणसांपुरता नाही. दक्षिण आफ्रिकेत रात्री शेणाचे गोळे ढकलत नेणारा एक भुंगा आकाशगंगेच्या पट्ट्याकडे पाहून सरळ रेषेत चालतो, हे २०१३ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. संशोधकांनी त्याला तारांगणात नेलं, त्याच्या डोळ्यांवर छोटीशी टोपी घालून पाहिली. आकाश झाकलं की तो भरकटत असे. पुढे प्रकाश प्रदूषण असलेल्या आकाशाखाली तेच प्रयोग झाले, तेव्हा हे भुंगे एकतर कृत्रिम दिव्यांकडे खेचले गेले किंवा गोंधळून गेले. एका भुंग्याने काय होणार, असं कुणी म्हणेल. पण ज्या प्राण्याबद्दल आपण योगायोगाने प्रयोग केला त्याचं एवढं कळलं. ज्यांच्याबद्दल कुणी विचारलंच नाही असे किती असतील?

आता मूळ मुद्द्याकडे. मोठ्या दुर्बिणी वाळवंटात का गेल्या? अटाकामाचं उदाहरण घेऊ. पूर्वेला अँडीजची भिंत, ती ॲमेझॉनकडून येणारा ओलावा अडवते. पश्चिमेला हंबोल्टचा थंड समुद्रप्रवाह, त्यामुळे हवेचा थंड थर खाली दबून राहतो आणि समुद्रावरचे ढग किनारपट्टीच्या डोंगरांपाशीच अडकतात. त्या ढगांच्या वर कोरडी, स्थिर, स्वच्छ हवा. २६३५ मीटर उंचीच्या पारानालवर ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी उभ्या आहेत, शेजारच्या आर्माझोनेसवर ३९ मीटर आरशाची दुर्बीण बांधली जाते आहे. पण जी कोरडी, ढगविरहित हवा तारे दाखवते, तीच दिवसा भरपूर ऊन देते. जी जमीन ओसाड म्हणून वेधशाळेला मिळाली, तीच ओसाड म्हणून खाणींना, कारखान्यांना, सौर प्रकल्पांना हवी असते. म्हणजे वाळवंटाचं दुर्गमपण हे काळोखाचं कायमचं संरक्षण नव्हतंच. तिथे करण्यासारखं काही नाही असं लोकांना वाटत होतं, तोवरच ते होतं. आता तसं कुणालाच वाटत नाही.

पारानालच्या शेजारी नेमकं हेच समोर आलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एका वीज कंपनीने तिथून जेमतेम ५ ते ११ किलोमीटरवर तीन हजार हेक्टरांहून मोठ्या औद्योगिक संकुलाचा प्रस्ताव चिली सरकारकडे मांडला. हरित हायड्रोजन, हरित अमोनिया, सोबत बंदर. युरोपीय दक्षिणी वेधशाळेने सविस्तर विश्लेषण करून सांगितलं की पारानालवरच्या आकाशात प्रकाश प्रदूषण किमान ३५ टक्क्यांनी वाढेल, आणि जवळच उभ्या राहणाऱ्या गॅमा किरण वेधशाळेवर ५० टक्क्यांहून अधिक. शिवाय हवेतली धूळ आणि खळबळ वेगळीच. त्या एका प्रकल्पाचं भवितव्य काहीही ठरो, त्याने उभा केलेला प्रश्न जाणार नाही. हा प्रकल्प तेलाचा नव्हता. हवामानबदलाशी लढण्यासाठीचा होता. काळोखाची बाजू घेणाऱ्यांना त्यामुळे फार अवघड जागी उभं राहावं लागतं.

मी तिथे उभा राहायला तयार आहे. स्वच्छ ऊर्जा हवीच, आणि ती वाळवंटातूनही येईल. पण असा कारखाना अटाकामाच्या लाखभर चौरस किलोमीटरांत दुसरीकडे, पन्नास किंवा शंभर किलोमीटर पलीकडे नेता येतो. पारानालचा डोंगर नेता येत नाही. दोन चांगल्या गोष्टींत टक्कर झाली तर जिला हलता येतं तिने हलायचं, एवढा साधा न्याय इथे पुरतो. अडचण अशी की परवाना देणारी यंत्रणा प्रत्येक प्रकल्प सुटा तपासते. प्रत्येकाचा उजेड स्वतंत्रपणे थोडाच वाटतो. एक खाण, एक रस्ता, एक बंदर, एक वसाहत, आणि वीस वर्षांनी क्षितिज पिवळं झालेलं असतं, ज्याला कुणीच जबाबदार नसतं. पाण्याच्या बाबतीत आपण नदीचा एकूण भार मोजायला शिकलो. आकाशाच्या बाबतीत ते अजून शिकायचं आहे.

आणि इथेच काळोखाभोवती कुंपण घालण्याची कल्पना कोलमडते. जमिनीला जवळजवळ समांतर, किंचित वरच्या दिशेने सुटलेला उजेड वातावरणात सर्वांत लांबचा पल्ला गाठतो. दिव्याला वरून झाकण नसेल तर हाच उजेड वाया जात असतो; तो रस्त्यावर पडत नाही, कुणाच्या उपयोगी येत नाही, आणि दूरच्या वाळवंटात क्षितिजावर धुकट घुमट होऊन उगवतो. डेथ व्हॅली हे अत्यंत काळोख्या आकाशासाठी २०१३ मध्ये मान्यता मिळालेलं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे दिवे झाकले, कमी केले, कर्मचाऱ्यांनी मन लावून काम केलं. तरीही पूर्वेच्या क्षितिजावर दीडेकशे किलोमीटरवरच्या लास वेगासचा उजेड दिसतोच. उद्यानाच्या हद्दीत कितीही शिस्त पाळली तरी तो घुमट मावळणार नाही. तो मावळवायचा तर लास वेगासमध्येच काहीतरी करावं लागेल. नदीच्या मुखाशी गाळणी लावायची आणि वरच्या सगळ्या गावांना घाण सोडू द्यायची, तसला हा प्रकार आहे.

दुर्बिणींचा इतिहासही हेच सांगतो. लॉस एंजेलिसजवळच्या माउंट विल्सनवरची शंभर इंची दुर्बीण एकेकाळी जगात सर्वांत मोठी होती. दुसऱ्या महायुद्धात हल्ल्याच्या भीतीने शहराचे दिवे मंद केले गेले. त्या काळोखाचा फायदा घेत वॉल्टर बाडे यांनी देवयानी दीर्घिकेच्या अंतर्भागातले तारे प्रथमच सुटे सुटे टिपले आणि १९४४ मध्ये ताऱ्यांच्या दोन वेगळ्या पिढ्या असल्याचं मांडलं. त्या शोधाच्या आधारावर, पालोमारच्या नव्या दोनशे इंची दुर्बिणीच्या मदतीने, १९५२ मध्ये त्यांनी दाखवलं की दीर्घिका आपण समजत होतो त्याच्या साधारण दुप्पट दूर आहेत. विश्वाचं मोजमाप बदलणाऱ्या कामाचा पाया ठरलेल्या त्या पहिल्या शोधाला मात्र नवी दुर्बीण लागली नव्हती. शेजारच्या शहराचे दिवे उतरावे लागले. युद्ध संपलं, शहर वाढलं, आणि १९८५ मध्ये ती दुर्बीण बंद झाली. ती चालवणाऱ्या कार्नेगी संस्थेने तोवर आपलं मुख्य बिऱ्हाड अटाकामाच्या दक्षिण टोकाला लास कम्पानासला हलवलं होतं. शहरातून डोंगरावर, डोंगरावरून वाळवंटात. वाळवंटातून पुढे कुठे? अंतराळात, असं उत्तर फार सहज दिलं जातं. ३९ मीटरचा आरसा अंतराळात नेण्याची सोय आज कुणाकडे नाही. आणि समजा दुर्बिणी गेल्याही, तरी माणसं आणि भुंगे इथेच राहणार आहेत.

न्यायाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हानलेच्या परिसरात सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर २००० सालापासून भारतीय खगोल वेधशाळेची दोन मीटरची दुर्बीण काम करते आहे. २०२२ मध्ये तिच्याभोवतीचा हजारेक चौरस किलोमीटरचा प्रदेश काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथल्या गावकऱ्यांनी दिव्यांवर झाकणं बसवली, खिडक्यांना जाड पडदे लावले; काही तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळालं, ते आता पाहुण्यांना आकाश दाखवतात. हे सुंदर काम आहे आणि त्यातून गावाच्या हाती पैसाही येतो. पण हिशेब नीट पाहा. ज्यांच्या घरात आधीच मोजके दिवे, त्यांनी पडदे ओढायचे. ज्यांच्या उजेडाने अर्ध्या जगाचं आकाश पुसलं, त्यांनी तिकीट काढून तिथे जायचं आणि भारावून परतायचं. एखाद्या प्रदेशाने आपली वाढ थांबवून इतरांसाठी काळोख राखावा, अशी अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला तेव्हाच मिळेल, जेव्हा आपण आपल्या छतावरचा निरुपयोगी उजेड आधी खाली वळवू.

शिवाय वाळवंटापर्यंत पोचणं सर्वांना शक्य नसतं. त्यासाठी पैसा, रजा, धडधाकट शरीर लागतं. काळोखं आकाश फक्त दूरच्या राखीव क्षेत्रात उरलं, तर ते श्रीमंतांच्या सहलीचा भाग होईल. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आकाशगंगा दाखवायला हजार किलोमीटर न्यावं लागू नये. शहराच्या मध्यभागी ती पुन्हा दिसेल असं मी म्हणत नाही. पण शहरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर दिसायला हरकत नाही, आणि तेवढं तर आजच्या तंत्राने नक्कीच जमतं.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकणं बेजबाबदारपणाचं होईल. रात्री रस्त्याने एकटी चालणारी बाई दिवा मागते तेव्हा ती काही चैन मागत नसते. पुरावे काय सांगतात? इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक प्रशासनांच्या २००० ते २०१३ या काळातल्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात, रस्त्यावरचे दिवे मंद केल्याने किंवा मध्यरात्रीनंतर बंद केल्याने अपघात वा गुन्हे वाढल्याचं आढळलं नाही. दुसरीकडे, २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या काही सार्वजनिक वसाहतींत जादा दिवे लावून प्रयोग झाला, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दोन्ही निष्कर्ष खरे मानूनच धोरण आखायला हवं. म्हणजे जिथे माणसं चालतात आणि धोका आहे तिथे दिवा लावा, तो जमिनीकडे वळवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. डोळ्यांवर येणारा प्रखर दिवा बाहुली आकुंचित करतो आणि त्याच्या पलीकडच्या सावलीत उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. झाकलेला दिवा त्या बाईला जास्त सुरक्षित ठेवतो, कमी नाही. ज्या वस्त्यांत अजून वीजच धड पोचली नाही, त्यांना काळोखाचं महत्त्व शिकवायला तर कुणी जाऊच नये. दोष त्यांचा नाही.

दोष बहुतेक वेळा रस्त्यावरच्या खांबांचाही नसतो. अमेरिकेतलं टूसॉन हे शहर सोनोरन वाळवंटात, वेधशाळांच्या शेजारी वसलेलं आहे. तिथे २०१९ मध्ये संशोधकांनी काही रात्री महापालिकेचे दिवे ठरवून कमी-जास्त केले आणि उपग्रहातून शहराचा उजेड मोजला. वर जाणाऱ्या एकूण उजेडात महापालिकेच्या पथदिव्यांचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी निघाला. उरलेला सगळा जाहिरातींच्या फलकांचा, इमारतींच्या दर्शनी भागांवर टाकलेल्या झोतांचा, वाहनतळांचा, मैदानांचा, दुकानांचा, घरांच्या बाहेरचा. रात्री तीन वाजता बंद दुकानाच्या पाटीवर पडलेला झोत कुणाचं रक्षण करतो? सुरक्षिततेच्या नावाखाली आपण ज्या उजेडाची पाठराखण करतो, त्यातल्या मोठ्या भागाचा सुरक्षिततेशी संबंधच नाही.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफने १९५८ मध्येच जाहिरातींच्या आकाशझोतांवर बंदी घातली. लॉवेल वेधशाळा तिथे आहे. स्पेनने १९८८ मध्ये ला पाल्मा बेटाच्या आकाशासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या बेटावर आज ऐंशी हजारांच्या घरात माणसं राहतात, बाजार आहेत, बंदर आहे, रस्ते आहेत, आणि डोंगरमाथ्यावर १०.४ मीटरची दुर्बीण काम करते. फ्रान्सने २०१३ पासून दुकानांच्या आणि कार्यालयांच्या दिव्यांना रात्रीची मर्यादा घातली, २०१८ च्या नियमांनी नव्या बाह्य दिव्यांसाठी उबदार रंगछटा आणि वर जाणाऱ्या उजेडावर मर्यादा आणली. चिलीतही १९९८ पासून उत्तरेकडच्या खगोलीय प्रदेशांसाठी दिव्यांचे नियम आहेत आणि ते पुढे कडक होत गेले. यातल्या कुठल्याही ठिकाणी लोक अंधारात चाचपडत नाहीत. झाकण, उबदार रंग, गरजेपुरती तीव्रता, गरज संपली की बंद: तंत्र एवढंच आहे. निळा प्रकाश हवेत कितीतरी जास्त विखुरतो, म्हणून रंगाला महत्त्व. मागे पडतोय तो कायद्याचा आवाका. बहुतेक नियम वेधशाळेभोवतीच्या जिल्ह्यापुरते लिहिलेले असतात, आणि एलईडी दिवा स्वस्त झाल्यापासून वाचलेल्या विजेतून आणखी दिवेच लावले गेले आहेत. रात्रीच्या उजेडाला हवा आणि पाण्याच्या प्रदूषणासारखंच राष्ट्रीय कायद्यात प्रदूषण मानायला हवं, त्याची एकूण मर्यादा ठरवायला हवी, आणि शहराला आपल्या आकाशाची चमक दरवर्षी मोजून जाहीर करणं बंधनकारक हवं. मोजणारं यंत्र मुठीत मावतं.

वाळवंटात जाणाऱ्यांकडूनही माझी अपेक्षा आहे. काळोख विकणारी निवासस्थानंच आता तंबूंच्या रांगा दिव्यांनी सजवतात, वाटा उजळतात, आणि रात्री उशिरा येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट निरीक्षण करणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडतात. जिथे आकाशासाठी माणसं बोलावली जातात तिथे कायमस्वरूपी बाह्य दिवा नसावा, गाड्या दूर थांबाव्यात, हातात मंद लाल विजेरी असावी. त्याहून मोठी अपेक्षा परतल्यावरची. जे त्या आकाशाने हलून गेले, त्यांनी आपल्या सोसायटीच्या बैठकीत, आपल्या नगरपालिकेत तोंड उघडावं. वाळवंटातला फोटो हजारो लोक पाहतात. गच्चीवरचा झोत खाली वळवा, असा अर्ज मात्र कुणी करत नाही.

शेवटची बाब अशी की आता उजेड फक्त खालून येत नाही. मे २०१९ मध्ये स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे पहिले साठ उपग्रह एकत्र सोडले गेले आणि आकाशात मोत्यांची माळ चालताना जगाने पाहिली. त्यानंतर हजारो सोडले गेले, इतर कंपन्या आणि देशही मागोमाग आले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका चाचणी उपग्रहाने ६४ चौरस मीटरची अँटेना उघडली, आणि तो काही वेळा आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांइतका ठळक दिसू लागला. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ मध्ये पहिली छायाचित्रं प्रसिद्ध केली. ती दहा वर्षं संपूर्ण दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि उपग्रहांच्या रेषा तिच्या छायाचित्रांत येणार हे सर्वांना माहीत आहे. दुर्गम गावांना इंटरनेट मिळतं, हा लाभ खरा आहे आणि मी तो नाकारणार नाही. पण इथे वाळवंटाचं कुंपण पूर्णच निरर्थक ठरतं. अटाकामाच्या डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला चिलीचा दिव्यांचा नियम लागू होत नाही. १९६७ च्या अंतराळ करारात उपग्रहाच्या चमकेबद्दल एक शब्द नाही. खगोलशास्त्रज्ञांनी मर्यादा सुचवली आहे: उपग्रह नुसत्या डोळ्यांना दिसू नये, त्याची प्रत (तेज मोजायची श्रेणी; आकडा जितका मोठा तितकं तेज कमी) सातव्याहून मंद असावी. काही कंपन्यांनी गडद लेप आणि बदललेल्या कोनांचे प्रयत्नही केले. पण हे सारं त्यांच्या मर्जीवर चाललं आहे. एका अमेरिकी कंपनीने तर रात्री सौर प्रकल्पांवर ऊन पाडण्यासाठी कक्षेत आरसे सोडण्याचा प्रस्ताव मांडला आहे. असा प्रयोग रशियाने १९९३ मध्ये वीस मीटरच्या आरशाने एकदा करूनही पाहिला होता. उपग्रह सोडायचा परवाना एक देश देतो आणि त्याची चमक सर्व देशांवर पडते, म्हणून सातव्या प्रतीची मर्यादा ही परवान्याची अट व्हायला हवी. ती प्रत्येक प्रक्षेपक देशाने आपल्या कायद्यात घालावी, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळविषयक समितीने ती सर्वांसाठी समान करावी. नव्या परवान्यांचे अर्ज आजही मंजूर होत आहेत, आणि एकदा वर गेलेला उपग्रह पुढची कित्येक वर्षं तिथेच फिरत राहतो.